शनिवारचीं चित्रें

चित्रकलेंतलें आपणांस कांहीं कळतें असा आव आम्हीं आजवर कधीं आणला नाहीं. भिंतीला खिळा ठोकावयाचा तो दिनदर्शिकेसाठीं, आणि दिनदर्शिकेवरील चित्र पाहावयाचें तें महिना उलटतांना, एवढाच आमचा व त्या कलेचा संबंध. गाणें आम्ही ऐकतों, नाटक पाहतों, पुस्तक हातीं आलें तर शेवटच्या पानापर्यंत वाचतों. परंतु चित्रांच्या प्रदर्शनाची पाटी दिसली कीं आमचीं पावलें आपोआप रस्त्याच्या पलीकडे वळत. अशा माणसानें एका वर्षांत ४८ प्रदर्शनें पाहिलीं, आणि तींही बहुतेक आधुनिक चित्रकलेचीं व ज्याला हल्लीं सर्वत्र डिझाइन म्हणतात त्या विद्येचीं, हें ऐकून आमच्या स्नेही मंडळींना जें आश्चर्य वाटलें, तें आमचें आम्हांलाही अद्याप वाटतें.

याला कारण झाली आमची धाकटी कन्या. २०१८ सालच्या दिवाळींत, भाऊबीजेच्या दिवशीं, जेवणें उरकून सारी मंडळी पानसुपारी घेत बसली असतां तिनें जाहीर केलें कीं, अभियांत्रिकीचें दुसरें वर्ष संपलें म्हणजे आपण तें शिक्षण सोडणार आणि डिझाइनच्या विद्यालयांत प्रवेश मागणार. आमच्या तोंडून तत्क्षणीं वाक्य बाहेर पडलें, "चित्रें काढून आजवर कुणाचें पोट भरलें आहे?" तें इतक्या सफाईनें बाहेर पडलें कीं, जणूं कित्येक वर्षें जिभेवर तयारच होतें. कन्या कांहीं न बोलतां उठून आंत गेली. आमचे वडील बंधु, दादा, डोंबिवलीहून आले होते. ते सुपारी कातरीत होते, ते तसेच कातरीत राहिले; आणि बऱ्याच वेळानें मान वर न करतां म्हणाले, "अरे, नाहीं म्हणण्यापूर्वीं एकदां पाहून तरी ये."

"काय पाहून येऊं?"

"हीं पोरें जें करूं म्हणतात तें."

शेवटीं तह ठरला तो असा. कन्येनें दुसरें वर्ष नीट पुरें करावें. आम्हीं पुढच्या दिवाळीपर्यंत दर शनिवारीं एक तरी प्रदर्शन पाहावें. मग काय तो निर्णय. एकट्यानें जाण्याचा धीर होईना म्हणून आम्हीं दादांना गळ घातली. दादा तेव्हां सत्तर वर्षांचे. फोर्टांतील एका बँकेंत चाळीस वर्षें नोकरी करून निवृत्त झालेले, आणि स्वभावानें अत्यंत अबोल. या निमित्तानें ते घराबाहेर पडतील, त्यांचीही थोडी करमणूक होईल, असा एक परोपकारी विचार आमच्या मनांत होता, हें येथें कबूल केलें पाहिजे. कारण त्या परोपकाराची जी गत झाली ती लगेच सांगावयाची आहे.

पहिल्या शनिवारीं आम्ही दोघे जहांगीर कलादालनाच्या दाराशीं भेटलों. सर कावसजी जहांगीर यांनीं आपल्या दिवंगत मुलाच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगींतून १९५२ सालीं उभें राहिलेलें हें दालन मुंबईंत कुणाला ठाऊक नाहीं? आम्हांलाही ठाऊक होतें. पावसाची सर आली असतां आम्ही त्याच्या आश्रयाला अनेकदां उभे राहिलों होतों. दाराशीं बसलेला वयस्क पहारेकरी दादांना पाहून उठला आणि म्हणाला, "साहेब, पुष्कळ दिवसांनीं?" त्याची कांहीं तरी चूक होत आहे असें आम्हांस वाटलें. परंतु दादांनीं त्याच्या मुलाच्या नोकरीची चौकशी केली, सुनेच्या प्रकृतीविषयीं विचारलें, आणि ते सरळ आंत शिरले.

उलगडा झाला तो असा. दादांची बँक तेथून हांकेच्या अंतरावर. मधल्या सुट्टींत डबा दहा मिनिटांत संपवून उरलेला वेळ ते या दालनांत काढीत. प्रदर्शनें आठवड्याला बदलतात. म्हणजे आठवड्यांतून एकदां गेलें तरी नवें कांहीं पाहावयास मिळे. पगाराच्या दिवशीं आंतल्या समोवार नांवाच्या उपाहारगृहांत एक कप चहा. तें उपाहारगृह १९६४ सालीं निघालें आणि २०१५ सालीं बंद झालें. त्याची जागा दादांनीं आम्हांस दाखविली, एखाद्यानें गांवांतला पडका वाडा दाखवावा तशी. तीस वर्षांहून अधिक काळ हा क्रम चालू होता, आणि घरांत कोणालाही त्याची वार्ता नव्हती.

"दादा, तुम्ही हें कधीं बोललां नाहींत?"

"विचारलें कोणी?" दादा म्हणाले, आणि पुढच्या चित्राकडे वळले.

आम्ही त्यांना करमणुकीसाठीं घेऊन आलों होतों!

पहिले दोन महिने आमचे फार हाल झाले. चित्रासमोर उभें राहिलें कीं आम्ही प्रथम खालची चिठ्ठी वाचीत असूं. चिठ्ठीवर नांव असेल तर त्या नांवाचा पदार्थ चित्रांत शोधावयाचा, आणि "शीर्षकरहित" असें असेल तर चित्रकारानें आपली फसवणूक केली असें मानावयाचें, ही आमची पद्धत. त्यानंतर नजर जाई ती किंमतीच्या यादीकडे. आंकडा मोठा असला कीं राग येई आणि लहान असला कीं कींव येई. दोन्ही भावना चित्र न पाहतांच उत्पन्न होत. एकदां एका मोठ्या पटावर नुसते तांबडे व करडे पट्टे पाहून आम्हीं चिडून विचारलें, "याचा अर्थ काय?" दादा म्हणाले, "लुगड्याचा कांठ पाहतोस तेव्हां त्याचा अर्थ विचारतोस काय? बरा आहे कीं वाईट आहे तें तर सांगतोस." याला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. घरीं परततांना लोकल गाडींत आम्हीं समोरच्या बाकावरील चार बायकांच्या पातळांचे कांठ लक्षपूर्वक पाहिले. त्यांतील एकीनें आमच्याकडे रागानें पाहिलें, तेव्हां अभ्यास थांबवावा लागला.

दादांची पाहण्याची तऱ्हा निराळी. ते आधीं दूर उभे राहत, मग एकदम जवळ जात, आणि पट बाजूनें कसा ठोकला आहे, रंग कांठापर्यंत नेला आहे कीं मध्येंच सोडला आहे, हें पाहत. एखाद्या चित्रापुढें अर्धा मिनिट, एखाद्यापुढें वीस मिनिटें. चांगलें कां आणि वाईट कां, हें क्वचितच सांगत. तथापि वर्षभर शेजारीं उभें राहून कांहीं गोष्टी आम्हांसही दिसूं लागल्या. पहिली ही कीं, निम्म्याहून अधिक प्रदर्शनें सुमार असतात. गणपतीच्या पंधरा मुद्रा, काशीचे घाट, मिटल्या डोळ्यांचे बुद्ध, उधळलेले घोडे, हीं चित्रें आम्हीं इतक्या दालनांत इतक्या हातचीं पाहिलीं कीं, पुढें पुढें दारांतूनच परत फिरूं लागलों. आधुनिक म्हणविणाऱ्यांतही नक्कल भरपूर. एका दालनांत जुन्या चपलांचा ढीग मांडून त्याच्या बाजूला दोन पानें भरून तत्त्वज्ञान लावलें होतें. त्या तत्त्वज्ञानांतून एक शब्द काढला असतां तो ढीग निव्वळ ढीगच राहिला असता. हें लिहिल्याबद्दल आम्हांस कोणी अरसिक म्हणेल. म्हणो बापडा. आम्हीं तो ढीग शनिवारच्या भर उन्हांत जाऊन पाहिला आहे.

परंतु जें खरें होतें तेंही याच दालनांनीं दाखविलें. छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या एका अंगास जहांगीर निकल्सन यांचा संग्रह २०११ पासून मांडलेला आहे. तेथें व इतरत्र आम्हीं त्या सहा तरुणांचीं चित्रें पाहिलीं, ज्यांनीं १९४७ सालीं मुंबईंत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या नांवाचें मंडळ काढलें: सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे. यांपैकीं आऱ्यांची हकीकत आम्हांस विशेष लागली. लहानपणीं मुंबईंत येऊन लोकांच्या घरीं नोकर म्हणून राबलेला आणि मोटारी धुतलेला हा माणूस. त्यानें रंगविलेलीं फुलें मात्र अशीं भरघोस कीं, दारिद्र्याची खूण त्यांत शोधून सांपडत नाहीं. सूझांना चळवळीच्या दिवसांत जे. जे. कलाशाळेंतून काढून टाकलें होतें. अकबर पदमसी यांच्या दोन चित्रांवर तर १९५४ सालीं, जहांगीर दालनांतील प्रदर्शनांतूनच, अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्यांतून ते निर्दोष सुटले. आमचे वडील तेव्हां वर्तमानपत्रांत हें वाचून काय म्हणाले असतील, याची कल्पना आम्हांस सहज करतां येते.

आणि एक गायतोंडे. १९२४ सालीं नागपुरास जन्मलेले, गोव्याकडच्या घराण्यांतले, गिरगांवच्या चाळींत वाढलेले. त्यांच्या चित्रांत माणूस नाहीं, झाड नाहीं, घर नाहीं. रंग लाटण्यानें पसरलेला, सुरीनें खरवडलेला, पुन्हां वर चढविलेला. खोल पाण्याच्या तळाशीं कांहीं हलत असावें आणि तें काय हें ठरूं नये, तसें. त्यांचें एक चित्र पुढें २०२१ सालीं लिलावांत जवळजवळ ४० कोटी रुपयांस गेलें, हें आम्हीं वाचलें. परंतु ज्या शनिवारीं आम्ही त्यांच्या एका चित्रापुढें उभे होतों त्या दिवशीं किंमतीची आठवण झाली नाहीं. चित्र कळलें असें म्हणवत नाहीं. घाई नाहींशी झाली, एवढें खरें. पहारेकऱ्यानें दिवे मालवावयास घेतले तेव्हां आम्ही भानावर आलों, आणि त्या दिवशीं दादा आमच्यासाठीं दाराशीं थांबले होते.

आतां जी गोष्ट सांगावयाची ती सांगण्यास जड जाते. २०१९ च्या फेब्रुवारींत राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाच्या मुंबईंतील दालनांत प्रभाकर बरवे यांच्या आयुष्यभराच्या कामाचें प्रदर्शन भरलें. हें दालन म्हणजे १९११ सालचें जुनें कावसजी जहांगीर सभागृह. आंतून त्याचा कायापालट होऊन १९९६ सालीं तें चित्रांसाठीं खुलें झालें. आंत मजल्यामागून मजला चढत माणूस घुमटाखालीं पोंचतो. दादांचे गुडघे दुखत होते, तरी ते एकेक पायरी चढत होते. बरवे १९३६ सालीं अलिबागेजवळ नागांवास जन्मले आणि १९९५ सालीं वारले. घड्याळ, झाडाचें पान, रिकामें खोकें, असल्या घरगुती वस्तु त्यांच्या चित्रांत एकमेकींपासून दूर दूर, कांहीं तरी ऐकत असल्यासारख्या उभ्या असतात. भिंती रंगविण्याच्या तकतकीत एनॅमल रंगानें हा माणूस एवढें हळुवार काम करतो, याचा आम्हांस अचंबा वाटला. त्यांच्या रोजनिशींचीं पानेंही तेथें मांडलेलीं होतीं, आणि दादा त्या पानांपुढें थांबले ते हलेनात.

"हा नोकरींत होता," ते म्हणाले. "सरकारी विणकर सेवा केंद्रांत. हातमागवाल्यांना नवे नमुने करून द्यायचे, कांठ, पदर. दिवसा तें, आणि घरीं येऊन हें."

थोड्या वेळानें पुन्हां म्हणाले, "मला कांहीं चित्रकार व्हावयाचें नव्हतें रे. अक्षरें काढावयाचीं होतीं. जे. जे. मध्यें उपयोजित कलेचा वर्ग आहे, तेथला अर्ज आणला होता. नानांनीं विचारलें..." आणि ते नुसते हंसले.

नानांनीं काय विचारलें, तें आम्हांस त्या जिन्यांत, कठड्याला धरून उभे असतां आठवलें. १९६५ सालचा उन्हाळा. साताऱ्याचें घर, ओटीवर पानें मांडलेलीं, आम्ही नऊ वर्षांचे. नानांनीं आमटीचा भुरका घेऊन विचारलें होतें, "चित्रें काढून आजवर कुणाचें पोट भरलें आहे?" सगळे हंसले. आई हंसली, आत्या हंसली, आम्ही तर ठसका लागेपर्यंत हंसलों, दादाही हंसले. नाना कांहीं दुष्ट नव्हते. शाळामास्तरच्या पगारांत सात माणसें पोसणाऱ्यानें विचारावयाचा तो प्रश्न होता. अर्जाचा कागद चांगला जाड होता. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर त्या महिन्याची वाण्याची यादी लिहिली गेली, आणि ती दादांनींच लिहिली. कारण घरांत अक्षर त्यांचेंच सुंदर. यादी पाहून वाण्यानेंही तारीफ केली होती. हें सर्व आम्हांस लख्ख आठवलें, आणि भाऊबीजेच्या दिवशींचें आपलें तेंच वाक्य, सुपारी कातरीत बसलेल्या दादांच्या देखत उच्चारलेलें, हेंही आठवलें. आम्ही कांहीं तरी बोलूं लागलों. दादांनीं ऐकून घेतलें नाहीं. "वर आणखी एक मजला आहे," ते म्हणाले.

त्यानंतर आमच्या शनिवारांचा रोख बदलला. डिझाइन या शब्दाला आमच्या भाषेंत अजून नीट बसेल असा प्रतिशब्द मिळालेला नाहीं; अभिकल्प म्हणावें तर कोणी वापरीत नाहीं, नक्षी म्हणावें तर अर्थ निम्मा उरतो. आम्हीही इतके दिवस त्याचा अर्थ नक्षी असाच करीत होतों. तो गैरसमज गेला पुण्यांत, राजा दिनकर केळकर संग्रहालयांत. एका माणसानें जन्मभर गांवोगांव हिंडून जमविलेले दिवे, कुलपें, फण्या, आणि अडकित्ते! मोराचे, घोड्याचे, युगुलांचे. परंतु मोर असो कीं घोडा, पातें व मूठ यांचा सांधा असा कीं कठीण सुपारी मऊ व्हावी. कोणाही कारागिराचें नांव त्यावर नाहीं. कन्या त्या दिवशीं बरोबर होती. तिनें सांगितलें कीं, अमेरिकेचे चार्ल्स व रे ईम्स या दांपत्यानें १९५८ सालीं भारत सरकारला जो अहवाल दिला त्यांत आपल्या साध्या लोट्याची अपार स्तुति आहे, आणि त्या अहवालाला अनुसरून १९६१ सालीं अहमदाबादेस राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली. जो लोटा आम्ही साठ वर्षें परसांत पालथा घालीत आलों, त्याचें गुणवर्णन अमेरिकन माणसानें करावें, आणि तें आम्हांस आमच्या मुलीनें सांगावें, यांत आमची जी शोभा झाली ती वाचकांनींच जाणावी.

पुढें पावसाळ्यांत अक्षरांचें एक लहानसें प्रदर्शन पाहिलें. गर्दी नव्हती, आम्ही दोघे, दोन विद्यार्थी आणि एक भिजलेली छत्री. तेथें रघुनाथ कृष्ण जोशी यांच्याविषयीं कळलें. १९३६ सालीं जन्मलेला हा कवि व अक्षरकार, पवईच्या आय.आय.टी. मध्यें अध्यापक होता आणि २००८ सालीं वारला. संगणकावर वर्षानुवर्षें जें मंगल नांवाचें देवनागरी अक्षर लोक वापरीत आले, तें त्यानें आंखलेलें. आम्हीं सरकारी नोकरींत असतांना हजारों टिपणें त्या अक्षरांत वाचलीं, त्यांवर सह्या केल्या, आणि तीं अक्षरें कोणा माणसानें बसून आंखलीं असतील, ही कल्पना एकदांही मनाला शिवली नाहीं. पाऊस पडतो तशीं तीं पडतात, असेंच वाटत आलें. त्या क्षणीं आमच्या डोळ्यांपुढें दादांच्या हातच्या साऱ्या पाट्या उभ्या राहिल्या: बँकेंतल्या सूचना, डोंबिवलीच्या गणेशोत्सवाचे फलक, आमच्या मुंजीची व पुढें लग्नाची आमंत्रणपत्रिका, नाना गेले तेव्हां वृत्तपत्राकडे पाठविलेला मजकूर. घरांत या सर्वाला एकच नांव होतें, "दादांचें अक्षर चांगलें आहे." यापलीकडे तें काय आहे, त्याला विद्या म्हणतात, त्यावर कोणी जगूं शकतो, हें आमच्या घरांतील सात माणसांपैकीं फक्त एकाला ठाऊक होतें, आणि त्याला कोणी विचारलें नव्हतें.

दसऱ्याच्या सुमारास आम्ही तिघें औंधास गेलों. तेथील श्रीभवानी वस्तुसंग्रहालय औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं यमाईच्या डोंगरावर उभें केलें. राजे स्वतः चित्रकार. राजा रविवर्म्याचीं चित्रें त्यांनीं हौसेनें जमविलीं, हें साऱ्यांस माहीत असतें. परंतु या आडगांवीं हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें माता व मूल हें शिल्प आहे, हें सांगितलें तर मुंबईंतले लोकही प्रथम विश्वास ठेवीत नाहींत. आम्हीं तें लहानपणीं, साताऱ्याहून शाळेच्या सहलींत पाहिलें होतें. गुरुजींनीं "ही आई, हें मूल" असें सांगतांच सारा वर्ग खिदळला होता. नाक नाहीं, डोळे नाहींत, कसली आई! मोठ्या मुलांच्या वर्गाबरोबर दादाही त्याच सहलींत होते. ते तेव्हां काय करीत होते तें आम्हांस आठवत नाहीं.

या खेपेस ते शिल्पाच्या एका बाजूस जाऊन वांकून पाहूं लागले, आणि त्यांनीं खुणेनें आम्हांस बोलाविलें. समोरून जो नुसता दगडाचा फुगवटा वाटत होता तो तेथून खांदा झाला, आणि त्या खांद्यांत मूल असें रुतून बसलें होतें कीं आई कोठें संपते आणि तें कोठें सुरू होतें हें सांगतां येईना. कन्या पलीकडून तेंच पाहत होती. कोणी कांहीं बोललें नाहीं. बाहेर आल्यावर डोंगराच्या पायऱ्यांवर बसून आम्हीं दशम्या खाल्ल्या.

दिवाळी झाली, आणि ठरल्याप्रमाणें अर्जाचा दिवस आला. हल्लींचे अर्ज यंत्रावर भरावयाचे असतात. तथापि पालकांच्या संमतीचा एक कागद छापून काढून त्यावर सही करावयाची होती. मजकूर हिंदी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. आम्हीं चष्मा लावून तो सबंध वाचला, सही केली, आणि कागद दादांच्या पुढें सरकविला. दादांनीं तो उजेडाकडे धरला. बराच वेळ पाहिला. आम्हांस वाटलें, कलमांत कांहीं खोंच असावी.

"या ‘क्ष’चें पोट फार सुटलें आहे," ते म्हणाले.

"हो ना, काका," कन्या म्हणाली, "आणि रेघही पाहा, ‘श’पाशीं तुटली आहे." मग तीं दोघें तो कागद घेऊन खिडकीशीं गेलीं.